सावळीच छापली तुला

मीनल, तुझ्या उठावण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या फ्लेक्सवर मी तुला गोरी केली नाही. त्यावरून तुझे मोठे दीर अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत. आळेफाट्याला चौकात समोरासमोर आलो की ते मान वळवतात, आणि मी मुद्दाम मोठ्यानं "नमस्कार शेठ" म्हणते. तू असतीस तर माझा दंड चिमटून म्हणाली असतीस, "सुमे, कशाला उगाच?" उगाच नाही. मला अजून राग आहे आणि तो मी जपून ठेवणार आहे.

तू गेल्यापासून लोक मला फार समजुतीनं सांगतात. दुकान आवर, दुसरं काहीतरी बघ, दोघींचं होतं ते एकटीला कसं झेपणार. मी ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करते. मशीन सुरू झालं की जो आवाज येतो, त्या आवाजात मला रडायला बरं पडतं. बाहेर कुणाला कळत नाही.

मी डिंभ्याच्या वरच्या अंगाची. धरणाच्या कडेनं जी एसटी कधी येते कधी येत नाही, त्या एसटीनं मंचरला कॉलेज केलं आणि मराठी टायपिंगच्या जोरावर तुझ्याकडं काम मागायला आले. तुझ्या सासरच्यांच्या कापड दुकानाला लागून असलेला तो अरुंद गाळा, त्यात एक कॉम्प्युटर आणि तू. कपाळावर घाम, हातात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा नमुना. तू विचारलंस, "टायपिंग येतं?" मी म्हटलं, "येतं." "रंग कळतात?" मला हसू आलं. म्हटलं, "आंधळी नाही मी." तू पत्रिका माझ्यापुढं धरलीस. "मी पण नाही. पडद्यावर हा शेंदरी होता. कागदावर बघ, वीट झालीय. रोज फसते मी."

वर्षभरात मालकीण कोण आणि कामाला कोण हे आपल्यालाच कळेनासं झालं. फ्लेक्सचं मशीन घेतलं तेव्हा कागदांवर दोघींची नावं घालायचा हट्ट तू धरलास. तुझ्या घरात त्यावरून किती बोलणी झाली ते तू मला कधी सांगितलं नाहीस. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, हे मीही तुला कधी सांगितलं नाही.

आपली खरी दोस्ती झाली ती मात्र माझ्या आईमुळं. तिच्या बचत गटाला नाचणी आणि हातसडीचा तांदूळ बाजारात विकायचा होता, त्यासाठी मोठा फ्लेक्स हवा होता. तू स्वतः आमच्या गावी येऊन फोटो काढलास. सगळ्या बाया सुपात तांदूळ घेऊन अंगणात उभ्या. उन्हात नको म्हणून तू त्यांना आंब्याच्या सावलीत नेलंस, आणि आईनं तुला भाकरीवर घालून दिलेलं उडदाचं घुटं तू दोनदा मागून घेतलंस. फोटो फार छान आला होता. पडद्यावर आपण दोघी बघतच राहिलो.

फ्लेक्स घ्यायला आई आली. आपण तो फरशीवर पसरला. ती वाकून बघत राहिली, मग कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"सुमे, आमी काय मेलेल्या हाय का गं?"

"असं काय बोलतेस?"

"मंग ही राख कुणी फासली तोंडाला? आन् ही शांता बग. हिला तर घाटावरनंच आणलीया जणू."

खरंच होतं. पडद्यावर जिवंत दिसणारे चेहरे फ्लेक्सवर करडे पडले होते, ओठ जांभळे. मी लाजेनं मेले. म्हटलं, थांब आई, लगेच नीट करते. बसले आणि चेहऱ्यांत हातानं पिवळा ओढला, तांबडा ओढला. पुन्हा छोटा तुकडा छापला. चेहरे जरा माणसात आले, पण सुपातला तांदूळ हळदीचा झाला आणि पातळं भडकली.

तू तो तुकडा हातात घेऊन बाहेर रस्त्यावर उजेडात गेलीस. परत आलीस ती वेगळाच चेहरा घेऊन. म्हणालीस, "चेहरा सुधारला की तांदूळ बिघडतो. म्हणजे चूक चेहऱ्यात नाहीच. चूक वाटेत कुठंतरी आहे."

"शोधत बसायला वेळ कुठंय? प्रत्येक फोटो हातानं नीट करू."

"आणि उद्याचा? परवाचा? तू रोज ताप उतरवत बसणार का?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि तपासही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुझा नियम. मला सगळं एकदम हलवून बघायची घाई, तू माझ्या हातावर चापट मारायचीस. "दोन गोष्टी बदलल्यास तर कशानं फरक पडला ते कसं कळणार?" आधी पडदा बघितला. आपण तो टीव्हीसारखा पूर्ण उजेडावर ठेवला होता, वर निळसर. त्याच्यावर काहीही गोजिरं दिसलं असतं. तो उजेड कमी केला. दारातून येणारं ऊन थेट पडद्यावर पडत होतं, तिथं तू तुझी जुनी चादर टांगलीस. तरी चेहरे करडेच. शाई बघितली, ठीक होती. मग डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली रंगांची सेटिंग उघडली. इतकी वर्षं त्या खिडकीत आपण कधी डोकावलोच नव्हतो. फोटो छपाईच्या रंगांत बदलताना ते सॉफ्टवेअर कुठल्यातरी भलत्याच कागदाचा हिशेब धरत होतं आणि चेहऱ्यांत काळी शाई कालवत होतं. बरं, तिथून फाइल मशीनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरकडं गेली की ते पुन्हा एकदा सगळे रंग आपल्या पद्धतीनं बदलायचं.

तू मोठ्यानं हसलीस. "म्हणजे एकाच भाजीत दोघी मीठ घालतायत. एक सासू, एक सून. आणि दोघींना वाटतंय दुसरीनं घातलंच नाही."

मशीन विकणाऱ्या माणसाला तू फोन लावलास. तो म्हणाला, "मॅडम, फ्लेक्स आहे तो. लांबून बघायचा असतो. लांबून कोण रंग बघतंय?"

"माझं लग्न पण लांबूनच ठरलं होतं," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मग आपण एकीला मीठ घालायला बंदी केली. डिझाइनच्या सॉफ्टवेअरनं फोटोला हात लावायचा नाही, जसा आहे तसा पुढं पाठवायचा. बदल करायचा तो मशीननंच, एकदाच, आणि तोही जे फ्लेक्सचं कापड चढवलंय त्याच कापडाचं प्रोफाइल निवडून. त्या कापडावर ही शाई कशी दिसते याची ती नोंद असते, हे तूच मला शिकवलंस आणि तुला कुणी शिकवलं नव्हतं.

नवा फ्लेक्स मशीनमधून हळूहळू खाली उतरत होता. आधी आंब्याची पानं, मग डोक्यावरचे पदर, मग कपाळं. तेव्हा, तो वाळायची वाट बघताना, तू मला ती गोष्ट सांगितलीस. स्थळं बघताना तुझा जो फोटो सासरी पाठवला होता त्यात तू गोरीपान होतीस. जुन्नरच्या स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं तसा केला होता, असं तू म्हणालीस. मग निमगाव सावाला तुझ्या घरी बघायचा कार्यक्रम झाला. तुझे मोठे दीर फोटो हातात घेऊनच आले होते. त्यांनी फोटोकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं आणि पुन्हा फोटोकडं बघितलं.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"तेव्हा नाही. नंतर वीस वर्षं बोलतायत. फोटोत वेगळी होती म्हणून."

तू हे सांगितलंस आणि उठून फ्लेक्सला बोट लावून बघितलंस, वाळला का म्हणून. तुझ्या डोळ्यांत काहीच नव्हतं. माझ्याच होतं.

आई पुन्हा आली. या वेळी तिनं वाकून एकेकीच्या गालावरून हात फिरवला. "ह्या आमी," ती म्हणाली. "ही मी. ही शांता. बग, हिच्या गालावरचा चट्टा बी आलाय." आणि तुझ्याकडं वळून, "लई गुणाची गं तू बाई." त्या बायांनी तो फ्लेक्स विटून चिंध्या होईस्तोवर वापरला.

त्यानंतर तू ती चेहऱ्यांची पट्टी बनवलीस. तुझा चेहरा, माझा, आईचा, तुझ्या नवऱ्याचा म्हणजे प्रकाशभाऊंचा, एका ओळीत. मशीनवर कुठलाही मोठा चेहरा छापायच्या आधी ती पट्टी छापायची आणि बाहेर उजेडात नेऊन बघायची. चौकातले रिक्षावाले विचारायचे, "काय राव, आज कोण आजारी?" तू म्हणायचीस, "सगळे बरे आहेत."

पण आपलं एक भांडण मिटलं नाही. फोटो उजळ करून मागणाऱ्यांना तू सरळ नाही म्हणायचीस. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नाचे, निवडणुकीचे, सगळ्यांना तेच हवं असायचं. "जरा गोरा करा ना ताई." तू म्हणायचीस, "चुना लावायचा तर घरी लावा." मी तुझ्याशी भांडायचे. माझं म्हणणं साधं होतं, आणि मी ते अजून सोडलेलं नाही. गिऱ्हाईकाचा चेहरा गिऱ्हाईकाचा. त्याला कसं दिसायचंय ते आपण कोण ठरवणार? एकदा तू हातातला डबा तसाच ठेवून मला विचारलंस, "गिऱ्हाईक कोण पण? फोटो घेऊन येतो तो, का फोटोत असतो तो?"

मी डबा तुझ्याकडं सरकवला. म्हटलं, "जेव आधी, तुझा सूर्य मावळेल." तू जैन, सूर्य बुडाल्यावर जेवायची नाहीस. चिडून जेवलीस. तो विषय आपण पुढं कितीदा काढला, पण तिथंच अडलो.

मग तुझं ते दुखणं आलं. पुण्याच्या दवाखान्यात तुला बघायला आले तेव्हा तुझे डोळे, नखं, तळहात, सगळं पिवळं झालं होतं. मला बघून तू हात वर केलास, खिडकीच्या उजेडात धरलास आणि म्हणालीस, "बघ गं. पिवळा फार झालाय. वाटेत कुठंतरी चुकतंय." मी म्हटलं, "एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांग डॉक्टरांना." आपण दोघी इतक्या हसलो की नर्स रागावली. त्यानंतर तू बोललीस ते थोडंच, आणि सगळं कामाचं. मला तुला जे सांगायचं होतं ते मी पुढच्या खेपेला सांगू म्हणून ठेवलं. पुढची खेप झालीच नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे शेठ आणि प्रकाशभाऊ दुकानात आले. प्रकाशभाऊ बाकावर बसले ते चपलांकडं बघत. शेठनी प्रकाशभाऊंचा फोन माझ्यापुढं ठेवला. गेल्या हिवाळ्यात त्यांनी नव्या फोनवर काढलेला तुझा फोटो. हिरवी साडी, खांद्यावरून मागं वळून काहीतरी बोलतेयस, तोंड अर्धवट उघडं. मी फोन उचलून जवळ धरला.

"उद्या सकाळी उठावणा आहे," शेठ म्हणाले. "मोठा करा. आणि चेहरा जरा उजळ घ्या. बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. बोर्ड चांगला दिसला पाहिजे."

मी फोन केबलला जोडला. फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मजकूर टाकला, आणि कशालाही हात न लावता आधी चेहऱ्यापुरता तुकडा छापायला सोडला. घाईत पट्टीही छापली नाही. तुकडा बाहेर आला आणि शेठ खुर्चीतून उठले.

"वा! हेच. मी सांगायच्या आधीच केलंत की तुम्ही."

मी बघितलं. तू फिकट पडली होतीस. गोरीसुद्धा नाही, धुऊन काढल्यासारखी. साडीचा हिरवा विटला होता. ओठ आणि गाल एकाच रंगाचे.

"शेठ, हे चुकलंय."

"चुकलंय काय त्यात? छान आलंय. हेच राहू द्या."

"मी काहीच केलेलं नाही. म्हणून तर चुकलंय."

त्यांना ते कळलं नाही, आणि समजावून सांगायला मला वेळ नव्हता. मी तुकडा घेऊन बाहेर गेले. उजेडातही तू तशीच. म्हणजे ट्यूबलाइटचा दोष नव्हता. मला सगळी सेटिंग एकदम हलवावीशी वाटली. माउसवर हात ठेवला आणि खरं सांगते, हातावर तुझी चापट बसल्यासारखं झालं. थांबले. एका वेळी एकच गोष्ट.

पट्टी छापली. ती बरोबर आली. आई आईसारखी, मी माझ्यासारखी, आणि पहिल्या चौकटीत तू. काही वर्षांपूर्वीची, पण तू. कपाळ गालांपेक्षा जरा जास्त सावळं, ओठांच्या कडेला आणखी गडद, आणि त्या सगळ्यावर ती तांबूस झाक. मी पट्टी आणि तो फिकट तुकडा शेजारी शेजारी ठेवले. शेठही बघत होते. त्यांना दोन मीनल दिसत होत्या आणि त्यांना आवडलेली नेमकी ती होती जी कधी नव्हतीच.

पट्टीची तयार फाइल थेट मशीनला जाते. ती बरोबर आली म्हणजे मशीन ठीक, शाई ठीक, कापड ठीक. चूक त्याच्या आधीच. फोटो आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर यांच्यामध्ये. मग आठवलं, तू दवाखान्यात असताना आपला कॉम्प्युटर बंद पडला होता आणि दुरुस्तीवाल्यानं सगळं काढून पुन्हा भरलं होतं. तेव्हापासून मी पावत्या आणि पत्रिकाच करत होते, मोठा चेहरा एकही नव्हता. त्यात आपली काही सेटिंग पुसली गेली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

ती खिडकी उघडली. नव्या फोनमधले फोटो साध्या फोटोंपेक्षा जास्त भरदार रंग धरतात, आणि ते आकडे कसे वाचायचे ते सांगणारं प्रोफाइल फोटोला जोडलेलं असतं. असा फोटो उघडला की सॉफ्टवेअर आपल्याला विचारायचं, हे प्रोफाइल वेगळं आहे, ठेवू का? आता ते विचारतच नव्हतं. गुपचूप ते प्रोफाइल फेकून द्यायचं आणि तुझे रंग साध्या फोटोसारखे वाचायचं. म्हणून तू उतरली होतीस. मी विचारायची खूण लावली. बाकी कशाला हात लावला नाही. फोटो बंद केला, पुन्हा उघडला. या वेळी त्यानं विचारलं. मी म्हटलं, ठेव.

आणि पडद्यावर तू आलीस. मीनल, तू आलीस गं. मी दुकानात, तुझ्या दिरासमोर, तोंडावर ओढणी धरून रडले.

नवा तुकडा छापला. बाहेर नेला. बरोबर होता. शेठनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आता उजळ करा. बटणानं होतं ना?"

"होतं. करणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ती अशी होती. अशीच छापणार."

"सुमनबाई, काम आमच्या घरचं आहे. तुम्ही कोण सांगणार?"

कोण, ते मला एका शब्दात सांगता येईना. मैत्रीण म्हटलं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. मी बाकाकडं वळले. "प्रकाशभाऊ, फोटो तुम्ही काढलाय. सांगा. ती अशी दिसायची का नाही?"

प्रकाशभाऊ उठले. तुकडा हातात घेतला. दारातल्या उजेडात धरला. "अशीच दिसायची," ते म्हणाले. मग आणखी काही म्हणणार होते, पण भावाकडं बघून थांबले. इतकं तरी बोलले. मी त्यांना त्याचं श्रेय देते, जास्त देत नाही.

शेठ म्हणाले, "आम्ही दुसरीकडून करून घेऊ." मी म्हटलं, "घ्या. माझा मी लावणार."

त्यांनी घेतला खरंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात स्टेजच्या मागं त्यांचा फ्लेक्स होता. त्यात तू दुधासारखी पांढरी, ओठ गुलाबी, नाकाची कडसुद्धा पुसून गेलेली. मी माझा फ्लेक्स घेऊन गेले आणि कार्यालयाच्या फाटकाला स्वतः बांधला. स्टुलावर चढून, सुतळी दातात धरून. आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमत होती. एक-दोघांनी माझ्याकडं बघितलं, कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर मी ऐकलं नसतं.

आत एकामागून एक लोक उठून तुझ्याबद्दल बोलले. धर्मपरायण, शांत, सोशिक. तू सोशिक! मला उभं राहून ओरडावंसं वाटलं की हिनं मशीनवाल्याला रडवलं होतं, हिनं आमदारकीच्या उमेदवाराला सांगितलं होतं की तुमची मान गोरी आणि हात काळे दिसतील, विचार करा. पण बायकांनी बोलायची तिथं पद्धत नव्हती. मी बाहेर फाटकापाशी जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात निमगाव सावाहून तुझी आई आली. तुम्ही सगळे तिला बाई म्हणता, म्हणून मीही बाईच म्हणते. गाडीतून उतरून ती कुणाचा तरी हात धरून तरातरा आत गेली, फाटकाकडं तिचं लक्षच नव्हतं. थोड्या वेळानं एकटीच बाहेर आली. इकडंतिकडं बघितलं, तेव्हा तिला माझा फ्लेक्स दिसला. ती तिथंच कट्ट्यावर बसली. मी पाणी आणून दिलं.

"आतली कोण हाय ती?" तिनं विचारलं. "मला वळखाया नाय आली."

मी तिच्या हातातला पेला घेतला.

बाईनं फ्लेक्सच्या खालच्या कडेला हात लावला. वाऱ्यानं ती कड हलत होती, तिनं ती मुठीत धरून ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "लग्नाचा फोटो मीच उजळ कराया लावला व्हता. स्टुडिओवाला नको म्हणत व्हता. मी म्हणलं, कर."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मीनलला ठाऊक होतं?"

"शेजारीच बसली व्हती की माझ्या. सगळं ऐकत व्हती." बाईनं कड आणखी घट्ट धरली. "मला कधी एका शब्दानं बोलली न्हाई. इतकी वर्सं सासरी ऐकून घेतलं तिनं. मला न्हाई बोलली."

मीनल, ते स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं केलं असं तू मला सांगितलं होतंस. मी त्या बिचाऱ्या अनोळखी माणसाचा राग केला इतकी वर्षं. तू आईला माझ्यापासूनसुद्धा वाचवलंस. त्या क्षणी मला तुझा इतका राग आला आणि तू इतकी जवळ वाटलीस, की मी बाईशेजारी कट्ट्यावर बसून राहिले. आतलं भाषण संपून माणसं बाहेर यायला लागली. प्रत्येक जण फाटकातून जाताना थबकत होता. आत ज्यांच्या डोळ्याला पाणी नव्हतं अशा दोघीतिघी तिथं पदर लावून रडल्या. मोठे शेठ आले. त्यांनी फ्लेक्सकडं बघितलं, मग कड धरून बसलेल्या बाईकडं बघितलं, आणि गाडीत जाऊन बसले.

मशीन आता माझ्या एकटीच्या हातात आहे. गाळा रिकामा करून हवा, असा निरोप शेठनी पाठवला. मी प्रकाशभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "गाळा माझ्या वाटणीचा आहे. तुम्ही चालू ठेवा." पुन्हा म्हणाले, "ती पट्टी छापता तेव्हा मला हाक मारत जा." आता ते सकाळी येतात, रस्त्यावर उभं राहून पट्टी बघतात आणि कापड दुकानात जातात.

काल आळ्याची एक मुलगी तिच्या मावशीबरोबर आली होती. स्थळांना पाठवायचा फोटो. मावशी म्हणाली, "लई काळी आलीया वो पोरगी. उजळ करा चांगली." मुलगी पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती. मी मावशीला बाकावर बसवलं आणि मुलीला पडद्यासमोर खुर्ची दिली. आधी तिचा फोटो जसा आहे तसा नीट लावून दाखवला. ती पडद्याजवळ झुकली. "अशी दिसते मी?" तिनं विचारलं. म्हटलं, "अशीच दिसतेस. छान दिसतेस. आता तू सांग. मावशी नको, तू. बदलू का?"

तिनं विचार केला. मग हळू म्हणाली, "थोडा करा ताई. अगदी थोडा."

आणि मी केला. थोडा. तुला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. तू खुर्ची मागं लोटून उठली असतीस, दुकानभर ओरडली असतीस, दिवसभर माझ्याशी बोलली नसतीस. ओरड. तू गेलीस म्हणून या भांडणात मी तुझी बाजू घेणार नाही. पण त्या दिवशी डबा बाजूला ठेवून तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर आता माझ्याकडं आहे. मी तिला विचारलं, मीनल. शेजारी बसवून, तिचा चेहरा तिला दाखवून विचारलं.

तुला कुणीच विचारलं नव्हतं.